गाडी आणि कायदा: चलानवर कलम कोणतं?

या वेळचं बरंचसं टपाल एकाच सुरातलं आहे. नाकाबंदीत अडवलं, गाडी कडेला घ्यायला लावली, थोडी बाचाबाची झाली आणि शेवटी पावती हातात पडली. दंडाचा आकडा सगळ्यांनी लिहिलाय, कलम मात्र फारच थोड्यांनी. खरं तर आधी बघायचं ते कलमच. परवाना जाणार की नाही, वाद घालण्यात अर्थ आहे की नाही, हे त्यावरच ठरतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. केंद्राच्या मोटार वाहन कायद्यातला आकडा आणि पावतीवरचा आकडा जुळतोच असं नाही, कारण कलम २०० नुसार तडजोडीची, म्हणजे खटल्याऐवजी भरायची रक्कम राज्य ठरवतं. हेल्मेट नसल्याचा दंड कायद्यात एक हजार आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पाचशेची पावती होते.

प्रश्न: माझी २०२२ची साडेतीनशे सीसीची बुलेट आहे. कंपनीचा सायलेन्सर मुका वाटत होता म्हणून बाहेरचा बसवला, आत आवाज दाबणारा डीबी किलरही आहे. चौकात मीटर सायलेन्सरच्या तोंडाशी धरून ९६ डेसिबल दाखवले आणि चलान केलं. मर्यादा ८० आहे म्हणे. एवढ्या जवळून मोजलं तर कंपनीची गाडीही ८० मध्ये बसणार नाही! दाद मागू का? (कोल्हापूर)

उत्तर: मोजणीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याचा तुम्हाला उपयोग बहुतेक होणार नाही.

आधी मोजणी. १ एप्रिल २००५ पासून बनलेल्या दुचाकींना आवाजाची मर्यादा अशी आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसी ७७, त्यापुढे ८०. हे आकडे चालत्या गाडीचे आहेत. चाचणीच्या मैदानावर गाडी पूर्ण ॲक्सिलरेटर देत जाते आणि माइक तिच्या मार्गापासून साडेसात मीटर लांब असतो. उभ्या गाडीची मोजणी वेगळी. तिथे माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात धरतात. अर्धा मीटर आणि साडेसात मीटर यांत पंधरा पट अंतर आहे आणि मोकळ्या जागी तेवढ्या अंतरात आवाज साधारण साडेतेवीस डेसिबलने पडतो. म्हणजे तोंडाशी ९६ दाखवणारी गाडी साडेसात मीटरवर ७२-७३ दाखवेल. हा फक्त अंतराचा हिशेब झाला. उभ्या गाडीचं इंजिन आणि ओढ घेणारं इंजिन यांचे आवाज वेगळे असतात, त्यामुळे तुमची गाडी ८० मध्ये बसते असं यातून सिद्ध होत नाही. तोंडाशी ९६ दिसले म्हणून ती ८० ओलांडते, हेही सिद्ध होत नाही.

आता कलम. सायलेन्सरवरून तीन वेगवेगळ्या कलमांखाली पावती होऊ शकते. १९०(२) म्हणजे आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग: दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना बाद. १९४-एफ मध्ये विनाकारण हॉर्न वाजवण्याबरोबर 'कटआउट'ही येतो, म्हणजे धूर सायलेन्सर सोडून मधूनच बाहेर काढणं. पहिल्या वेळी एक हजार, पुढच्या वेळी दोन हजार. तिसरं १८२-ए(४), गाडीत परवानगी नसलेला बदल: प्रत्येक बदलामागे पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

तुमच्या पावतीवर १९०(२) असेल तर मोजणीचा मुद्दा जिवंत आहे. मीटर किती अंतरावर होता, इंजिन किती फेऱ्यांवर होतं, शेजारी बस-ट्रक उभे होते का, हे न्यायालयात विचारता येतं. पण कलम १८२-ए(४) असेल तर डेसिबलचा प्रश्नच उरत नाही. बाहेरचा सायलेन्सर मांजरासारखा गुरगुरत असला तरी तो 'बदल' आहे. कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. डीबी किलरने यात काहीच फरक पडत नाही. तो एका स्क्रूवर निघतो, हे पोलिसांना तुमच्याइतकंच ठाऊक असतं.

बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण मानकाच्या) गाडीत आणखी एक गोम आहे. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बेंड पाइपमध्ये (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळीत) किंवा सायलेन्सरच्या पोटात असतो. 'इंदोरी', 'पंजाबी' किंवा 'शार्क' असले बाहेरचे सायलेन्सर बसवताना, तो पोटात असेल तर मूळ सायलेन्सरबरोबरच जातो आणि पुढच्या पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड वर दिसतो.

मूळ सायलेन्सर परत बसवताना इंजिनच्या तोंडाचं गॅस्केट नवीन घ्या. जुनं एकदा दबलं की पुन्हा नीट बसत नाही. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला तर फ्लँज तिरकी बसते. बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याचा कनेक्टर आधी सोडवा, नाहीतर पाइप फिरवताना वायर पिळवटते आणि डॅशवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅस्केटमधून फट राहिली तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेटतं आणि कंपनीच्याच सायलेन्सरमधून फटाके वाजतात. मूळ सायलेन्सर असूनही अडवलं जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं एवढंच असतं. वीस-पंचवीस रुपयांचं नाही म्हणता येणार, पण पाच हजारांच्या पावतीपुढे गॅस्केट स्वस्तच.

प्रश्न: सायलेन्सर जागेवरच काढून घेतला तर? (सांगली)

उत्तर: काय काढलं याची लेखी नोंद मागा: वस्तू, गाडी नंबर, तारीख, अधिकाऱ्याचं नाव. ती सभ्यपणे मागितली तर बहुधा मिळते. पुढचा विचार मात्र तुम्हालाच करायचा आहे. विनासायलेन्सर गाडी चालवणं हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० चा भंग आहे. म्हणजे चौकातून घरी जाताना पुढच्या चौकात दुसरं चलान होऊ शकतं. टेम्पो बोलवा, किंवा घरून मूळ सायलेन्सर आणि १२ ते १४ चे पाने मागवा.

प्रश्न: परवाना आणि आरसी फोनमध्ये होते. पोलिसांनी 'ओरिजिनल दाखव' म्हणून चावीच काढून घेतली. असं करता येतं का? (पुणे)

उत्तर: कागदपत्रांबाबत नियम १३९ स्पष्ट आहे. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर परवाना, आरसी, विमा, पीयूसी दाखवायचे, ते कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. ही सोय नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. १ ऑक्टोबर २०२० पासून तर ऑनलाइन पडताळलेली माहिती बरोबर असेल तर कागदी प्रत मागायचीच नाही, असा नियम आहे. तपासणीची वेळ आणि अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची, म्हणजे पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच नको, अशीही त्यात तरतूद आहे. ती कागदावर जितकी छान दिसते तितकी रस्त्यावर दिसत नाही, हा भाग वेगळा.

गोंधळ होतो तो गॅलरीतल्या फोटोमुळे. आरसीचा फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक स्वरूप' नव्हे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲप उघडून त्यातलंच कागदपत्र दाखवा. डिजिलॉकरमध्येही दोन कप्पे असतात. सरकारी खात्याकडून थेट आलेलं ते 'इश्यूड', तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेलं ते नुसतं 'अपलोडेड'. चालतं ते पहिलं. घाटात रेंज नसते, म्हणून निघण्यापूर्वी घरीच ॲपमध्ये लॉगिन करून कागदपत्रं एकदा उघडून ठेवा. त्या क्षणी काहीच दाखवता आलं नाही तर त्याच नियमात पंधरा दिवसांची मुदत आहे: साक्षांकित उतारा स्वतः नेऊन द्यायचा किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायचा.

चावीबद्दल बोलायचं तर गाडीतून चावी काढून घ्यावी असं मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कलम २०६ कागदपत्रं ताब्यात घेण्याबद्दल आहे. परवाना घेतला तर पोच द्यावी लागते, आणि तीच पोच मुदतीत परवान्यासारखी चालते. कलम २०७ गाडी अडकवून ठेवण्याबद्दल आहे, पण तिथेही कारणं ठरलेली आहेत. दुचाकीच्या बाबतीत मुख्यतः विनापरवाना किंवा अल्पवयीन चालक आणि नोंदणी नसलेली गाडी. त्यामुळे चावी घेतली गेली तर एकच प्रश्न शांतपणे विचारा: "साहेब, गाडी २०७ खाली ताब्यात घेताय का? तशी पावती द्या." पावती होणार नसेल तर चावी बहुधा परत येते. हे विचारताना इंजिन बंद, साइड स्टँड लावलेला आणि हेल्मेटची काच वर असू द्या. चालू गाडीवर बसून वाद घातला की समोरच्याला तुम्ही निसटणार असंच वाटतं, आणि चावीकडे हात जातो तो त्यामुळेच.

प्रश्न: मी सोलापूरला, गाडी सोलापूरला, आणि चलान आलं ठाण्यातल्या उड्डाणपुलावरचं, ट्रिपल सीटचं. गाडीचा नंबर माझाच. आता काय? (सोलापूर)

उत्तर: पैसे भरू नका. भरलं की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं आणि मग भांडायला जागा उरत नाही.

महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकून चलान उघडा आणि फोटो मोठा करून बघा. बघायचं काय? मॉडेल, टाकीचा रंग, आरसे, सीटची ठेवण, लेगगार्ड, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे नंबर प्लेट. ती एचएसआरपी (सरकारमान्य उच्च सुरक्षा नंबर प्लेट) आहे का? डाव्या बाजूला निळ्या रंगात 'इंड' आणि अशोकचक्राचा होलोग्राम दिसतो का? बनावट नंबर लावणारा सहसा साध्या पत्र्यावर रंगवून घेतो. कधी कधी यातलं काहीच नसतं आणि फोटोत ३ चा ८ झालेला असतो, तेव्हा तुमचं काम सोपं.

मग ॲपमधल्या तक्रारीच्या भागात चलान क्रमांक टाकून तुमच्या गाडीचे चार फोटो जोडा: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, प्लेट स्पष्ट दिसेल असे. त्या दिवशी तुम्ही आणि गाडी सोलापुरात होता याचा पुरावा असेल (सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, पेट्रोलची पावती, कामावरची हजेरी) तर तोही. मजकूर दोन ओळींचा ठेवा: 'फोटोतली गाडी माझी नाही. माझी गाडी निळी, फोटोतली काळी.' व्यवस्थेला शिव्या घातलेली तक्रार वाचणाराही माणूसच असतो.

गाडी खरंच वेगळी असेल तर तुमचा नंबर दुसऱ्या कुणीतरी लावला आहे, म्हणून जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आज ट्रिपल सीट आहे, उद्या त्याच नंबरवर अपघात करून कुणी पळालं तर हीच पोच कामी येईल.

जाता जाता एक गोष्ट. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर गाड्यांचे फोटो काढून नंतर सोयीने चलान करायचं नाही, असा आदेश राज्याच्या वाहतूक विभागाने जुलै २०२५ मध्ये काढला. आपल्या चलानवरचा फोटो कशाने काढलाय, हे तक्रारीत विचारायला हरकत नाही.

प्रश्न: मागचं लांबडं मडगार्ड काढून टेल टायडी (त्याजागी बसणारी आखूड पट्टी) लावली आणि छोटी प्लेट सीटखाली बसवली. दंड झाला. प्लेट तर आहे, मग? (नाशिक)

उत्तर: असून उपयोग नाही, दिसली पाहिजे. मागच्या प्लेटवर दिवा हवा आणि रात्री १५ मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे. दुचाकीला मागची अक्षरं ३५ मिलिमीटर उंच, आकडे ४० मिलिमीटर, दोन्हींची जाडी ७ आणि मधलं अंतर ५. पुढे अक्षरं-आकडे ३० मिलिमीटर, जाडी ५. एचएसआरपीचा आकार मागे २०० गुणिले १००, पुढे २८५ गुणिले ४५ मिलिमीटर. ती कापायची, वाकवायची किंवा पारदर्शक काळ्या ॲक्रिलिकखाली झाकायची नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती विक्रेत्याकडूनच बसून येते. त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ऑनलाइन वेळ घेऊन बसवायची, दुचाकीला दर ४५० रुपये अधिक जीएसटी. मागची प्लेट स्नॅप लॉकने, म्हणजे न तोडता न निघणाऱ्या खिळ्याने बसते. टेल टायडीसाठी तो लॉक तोडला की प्लेट पुन्हा मागवावी लागते.

याच विषयावर साताऱ्याच्या एका वाचकाने विचारलंय की मराठी आकड्यांत नंबर का चालत नाही. वाईट वाटतं खरं, पण नियम ५० मध्ये रोमन अक्षरं आणि आंतरराष्ट्रीय आकडेच आहेत. ४१४१ चं 'दादा' आणि ८०५५ चं 'बॉस' करणाऱ्यांनाही हाच नियम. कलम १७७, पहिल्यांदा पाचशे, नंतर पंधराशे.

प्रश्न: पावसाळ्यानंतर स्पितीला जायचंय. टॉप बॉक्स, दोन पॅनियर (चाकाच्या दोन्ही बाजूंचे डबे) आणि फॉग लाइट लावायचे आहेत. वाटेत चार राज्यांत अडवतील. काय चालेल? (ठाणे)

उत्तर: डब्याचा नियम लेखी आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. नियम १२३ मध्ये २०२० साली दुरुस्ती झाली: हलक्या डब्याची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५०० पेक्षा जास्त नको. डबा मागच्या सीटच्या जागी बसवला तर मागे माणूस बसवायचा नाही. सीटच्या मागे बसवला तर बसवता येतो. वजन मात्र उत्पादकाने सांगितलेल्या एकूण वजनाच्या आत हवं. टॉप बॉक्स या मापात बसतो का, ते घेण्याआधी टेप लावून बघा. पॅनियर बसवायला मेकॅनिक साडीगार्ड काढायला सांगेल. काढू नका. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण आणि मागच्याला धरायला पक्की मूठ याच नियम १२३ मध्ये सक्तीची आहे. साडीगार्डवरच बसणारे स्टे (पॅनियरचे आधार) मिळतात, ते घ्या.

दिव्यांचं प्रकरण नाजूक आहे. नियम १११ नुसार पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय लावता येत नाही. बाजारात 'फॉग' म्हणून जे विकतात त्यातले निम्मे प्रत्यक्षात स्पॉटच असतात: गोल भिंग, लांब अरुंद झोत. खरा फॉग रुंद आणि वरून कापलेला झोत टाकतो आणि हेडलाइटच्या खाली बसतो. उत्पादकाने तुमच्या मॉडेलसाठी ॲक्सेसरी म्हणून विकलेला दिवा असेल तर तोच घ्या आणि पार्ट नंबर असलेलं बिल जवळ ठेवा. शहरात त्यावर टोपी लावून ठेवा. बंद आणि झाकलेल्या दिव्यावरून वाद कमीच होतो.

वायरिंग हेडलाइटच्या वायरला जोड मारून करू नका. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट, १२ व्होल्टला सव्वातीन अँपिअर. बॅटरीच्या अधिक टोकापासून पाच अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (छोट्या करंटवर चालणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या पिनला, ८७ मधून दिव्यांना. ८५ अर्थ, ८६ ला पार्किंग लाइटची वायर स्विचमधून. म्हणजे चावी बंद केली की दिवे बंद, आणि बॅटरी रात्रीत उतरत नाही. फ्यूज बॅटरीपासून चार-पाच इंचांत हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधली वायर घासून शॉर्ट झाली तर काहीच वाचवत नाही. जोड हँडलच्या वळणापासून दूर घ्या. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून वायर ताणत नाही ना, बघा.

हेडलाइटमध्ये पांढरा एलईडी बल्ब टाकायचा मोह होईल. एच-४ बल्बमध्ये लो-बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत झोत जात नाही. बाजारू एलईडीत ती वाटी आणि तारेची जागा जुळत नाही, त्यामुळे प्रकाश सगळीकडे उधळतो, रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. शंभर वॉटचा हॅलोजन टाकला तर होल्डर वितळतो. मूळ वॉटेजचाच चांगला बल्ब आणि स्वच्छ काच पुरते.

प्रश्न: १०० चं मागचं टायर काढून १३० चं टाकलं तर पोलीस पकडतात का? (लातूर)

उत्तर: पोलिसांच्या नजरेत ते येईलच असं नाही, पण रिमच्या नक्की येईल. १००/९०-१७ चा व्यास सुमारे ६१२ मिलिमीटर, १३०/७०-१७ चा ६१४. म्हणजे स्पीडोमीटर फसत नाही. गोची रुंदीची आहे. १३० च्या टायरला साधारण तीन ते चार इंची रिम लागतो, १०० चा रिम दोन-अडीच इंचांचा असतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो चिमटतो, मधोमध फुगतो आणि रस्त्याला टेकणारा पट्टा उलट कमी होतो. वळणावर गाडी 'पडते'. शिवाय चेन टायरच्या कडेला घासते. एक माप वर, म्हणजे ११०, रिम आणि उत्पादकाची पुस्तिका परवानगी देत असेल तरच.

प्रश्न: युरोपच्या ईसीई प्रमाणपत्राचं महागडं हेल्मेट आहे, आयएसआय नाही. पावती झाली. हे हेल्मेट तर जास्त चांगलं! (पिंपरी-चिंचवड)

उत्तर: चांगलं असेलही. कलम १२९ भारतीय मानक ब्युरोचं मानक मागतं आणि १ जून २०२१ पासून विक्रीलाही आयएसआय सक्तीचं आहे. बऱ्याच परदेशी कंपन्यांची दोन्ही खुणा असलेली मॉडेलं इथे मिळतात. पुढच्या वेळी मागची खूण बघून घ्या. पट्टा न लावलेलं आयएसआय हेल्मेटही याच कलमात मोडतं.

प्रश्न: गोव्यात मित्राच्या ओळखीतल्या माणसाची पांढऱ्या प्लेटची गाडी रोजाने घेतली. पत्रादेवीच्या पुढे अडवलं. (सावंतवाडी)

उत्तर: गोव्यात भाड्याच्या दुचाकीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी, आणि ती भाड्याने देणं म्हणजे परमिटशिवाय वापर. कलम १९२-ए, दंड दहा हजार. अपघात झालाच तर विमा कंपनी 'भाड्याने दिली होती' हे पहिलं कारण पुढे करते. दोनशे रुपये वाचवू नका.

प्रश्न: टाकीला मॅट काळा रॅप केलाय. आरसीवर लाल. (जळगाव)

उत्तर: आरसीवरचा रंग आणि रस्त्यावरचा रंग जुळला पाहिजे. परिवहनच्या संकेतस्थळावरून रंगबदलाचा अर्ज करून आरटीओकडे नोंद करून घ्या. टाकीच्या दोन पट्ट्यांवरून कुणी अडवत नाही, पण संपूर्ण गाडीचा रंग बदलला तर गाडी चोरीची की काय, अशी शंका पहिली येते.

प्रश्न: गाडी माझ्या नावावर आहे, चालवतो मुलगा (वय २०, परवाना आहे). त्याने परस्पर सायलेन्सर बदलला, साडीगार्ड आणि आरसे काढले. चलान माझ्या मोबाइलवर येतात. दुकानदार उघड विकतात, गॅरेजवाले बसवतात, दंड आम्हालाच का? (अमरावती, एक आई)

उत्तर: ताई, तुमची तक्रार रास्त आहे. कलम ५२ आणि १८२-ए(४) दोन्हींत शब्द 'मालक' असा आहे. बदल करणारा हात गॅरेजवाल्याचा, हौस मुलाची, पण आरसीवर नाव ज्याचं त्याच्याकडे कायदा बघतो. आणि दंड 'प्रत्येक बदलामागे' आहे, हे मुलाला कागदावर आकडे मांडून दाखवा. साडीगार्ड आणि आरसे बसवायला अर्धा तास पुरतो.

मुलगा सज्ञान आहे म्हणून निदान एक टळलं. अठराच्या आतला असता तर कलम १९९-ए खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही.

विम्याकडेही बघा. न कळवलेल्या बदलावरून गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी कापू शकते, प्रसंगी नाकारूही शकते.

आणि काढलेला मूळ सायलेन्सर कुठे आहे ते आजच मुलाला विचारा. बहुधा तो गॅरेजमध्येच पडून असेल आणि 'भंगारात गेला' असं उत्तर मिळेल. बीएस-६ गाडीच्या कॅटॅलिस्टमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो. मुलाला त्याची किंमत माहीत नसेल, भंगारवाल्याला असते. नवीन सायलेन्सर कंपनीकडून घ्यायचा झाला तर तो चलानपेक्षा महाग पडेल, तेव्हा गॅरेजवाल्याकडे मुलाला एकट्याला पाठवू नका, स्वतः बरोबर जा.